एका शब्दात कोंबलेले दोन प्रश्न

यंदा गणपतीत देवगड तालुक्यातल्या एका गावात वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता ‘कालप्रवास शक्य आहे’. पंचवीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस म्हणून मला परीक्षक केलं होतं. मुलं तयारीची होती, आवाज खणखणीत होते. अनुकूल बाजूने सांगितलं की पुराणांत कालप्रवास आहे, विमानालाही लोक अशक्यच म्हणत होते, आणि आकाशातले तारे बघताना आपण भूतकाळच बघत असतो. प्रतिकूल बाजूने सांगितलं की मागे जाऊन आजोबांनाच मारलं तर आपण जन्मणार कसे, आणि आजवर भविष्यातून कुणी आलेलं नाही, तेव्हा सगळं थोतांड. निकाल देणं मला जड गेलं. स्पर्धा संपल्यावर मंडपात चहा घेता घेता मोठ्यांचाही तोच वाद सुरू झाला आणि शेवटी एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, “मास्तर, हा शेवटी ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा प्रश्न.” सगळ्यांनी माना डोलावल्या. ते वाक्य मला तिथेच बोचलं, कारण हा प्रश्न श्रद्धेचा नाही. निदान अर्धा प्रश्न तर मोजमाप करून केव्हाच सुटलेला आहे.

माझं म्हणणं असं. ‘कालप्रवास’ या एका शब्दात आपण दोन वेगवेगळे प्रश्न कोंबले आहेत. इतरांपेक्षा लवकर भविष्यात पोहोचणं शक्य आहे का? हो. ते घडतं, रोज घडतं, आणि घड्याळाने मोजलेलं आहे. घडून गेलेल्या काळात परत जाणं शक्य आहे का? त्याचा तिळमात्र पुरावा नाही, आणि जे थोडं कळलं आहे त्यावरून माझा कौल नकाराकडे झुकतो. दोन्हींना एकच ‘हो’ किंवा एकच ‘नाही’ देणारा माणूस निम्मं तरी खोटं बोलतो. स्पर्धेत दोन्ही बाजू नेमक्या तिथेच चुकल्या, आणि चूक मुलांची नव्हती, विषय ठरवणाऱ्यांची होती.

आधी शब्दाचा अर्थ बघू. एक आक्षेप लगेच येतो आणि तो रास्त आहे: भविष्यात तर आपण सगळेच चाललो आहोत, त्यात प्रवास कसला? खरंच आहे. तासाला एक तास या गतीने जाणं याला कुणी प्रवास म्हणणार नाही. डेव्हिड लुईस या तत्त्वज्ञाने १९७६ मध्ये यावर नेटकी व्याख्या दिली. प्रवाशाच्या स्वतःच्या अंगावर गेलेला काळ आणि बाहेरच्या जगात गेलेला काळ यांत तफावत पडली, तर तो कालप्रवास. माणूस घरातून निघाला, त्याच्या दाढीवर आठवड्याची खुंटं वाढली, आणि परत आला तेव्हा अंगणात लावलेल्या माडाला नारळ धरले होते. अशी तफावत निसर्गात पडते की नाही, एवढाच प्रश्न उरतो. आणि याचं उत्तर वादाने देण्याची गरजच नाही.

आइनस्टाइनने १९०५ मध्ये सांगितलं की वेगाने जाणाऱ्यासाठी काळ कमी सरतो. १९१५ मध्ये त्यात भर पडली, की गुरुत्वाकर्षण जिथे जास्त तिथेही काळ सावकाश चालतो. कागदावरचं हे गणित १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग या दोघा शास्त्रज्ञांनी विमानात बसवलं. सीझियमची अणुघड्याळं घेऊन ते साध्या प्रवासी विमानांतून एकदा पूर्वेकडे आणि एकदा पश्चिमेकडे जात पृथ्वीला फेरी मारून आले. पूर्वेकडे गेलेली घड्याळं जमिनीवरच्या घड्याळापेक्षा सुमारे ५९ नॅनोसेकंद (एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) मागे पडली, पश्चिमेकडे गेलेली सुमारे २७३ नॅनोसेकंद पुढे गेली, आणि गणितही जवळपास तेच सांगत होतं.

तरीही शंका घेणारे होते आणि त्यांना मी दोष देत नाही. १९७७ मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या तयारीचा एक उपग्रह सोडला तेव्हा त्यातल्या घड्याळाला सापेक्षतेची दुरुस्ती खरोखर लागेल का, याबद्दल तज्ज्ञांतच दुमत होतं. मग त्यांनी काय केलं? दुरुस्तीची सोय यंत्रात बसवली, पण बंद ठेवली. सुमारे वीस दिवस घड्याळ तसंच चालू दिलं. ते पुढे जाऊ लागलं, आणि सिद्धान्ताने सांगितलं होतं जवळजवळ तेवढंच. मग दुरुस्ती सुरू केली. वाद कसा मिटवावा याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. कुणी कुणाला गप्प केलं नाही, वीस दिवस थांबले आणि घड्याळ बघितलं.

ते घड्याळ आज आपल्या बंदरात आहे. आमच्या ओळखीच्या एका तांडेलाच्या बोटीवर सुकाणूशेजारी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं जीपीएस असतं. खाऱ्या हवेने त्याची बटणं पांढरी पडली आहेत. पाण्याखालचं खडप कुठे आहे, मासळी कुठे लागते, ते सगळे पॉइंट त्यात भरलेले आहेत. त्याच्या वडिलांकडे हे यंत्र नव्हतं. डोंगराचं टोक आणि देवळाचा कळस एका रेषेत आला की जाळं टाकायचं, ही त्यांची रीत. मुलगा ज्या उपग्रहांकडून जागा विचारतो ते सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. त्यांच्या वेगामुळे तिथलं घड्याळ दिवसाला ७ मायक्रोसेकंद (एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) मागे पडतं, आणि तिथे गुरुत्वाकर्षण क्षीण असल्यामुळे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं. वजाबाकी ३८. उपग्रहाचा संदेश यायला किती वेळ लागला यावरूनच यंत्र जागा काढतं, आणि एवढ्याशा वेळात प्रकाश ११ किलोमीटरहून जास्त अंतर कापतो, म्हणून घड्याळाची चाल जमिनीवरच किंचित कमी करून ते वर पाठवतात. त्या तांडेलाचं जाळं दर फेरीला आइनस्टाइनच्या समीकरणावर विसंबून पाण्यात पडतं. मग कालप्रवासाला सरसकट थोतांड म्हणणाऱ्याने जीपीएस कुठल्या तोंडाने वापरायचं?

यावर प्रतिकूल बाजूचा एक चांगला मुद्दा उभा राहतो: घड्याळ हळू चाललं म्हणजे काळ हळू चालला असं कसं? घड्याळ बिघडलेलं असू शकतं. या शंकेत तथ्य आहे, कारण घड्याळाचा काटा आणि काळ यांची गल्लत आपल्याकडे पूर्वीही झाली आहे. १ जानेवारी १९०६ पासून देशभर भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबई मात्र आपल्या जुन्या ‘बॉम्बे टाइम’ला चिकटून राहिली, ३९ मिनिटं मागे, आणि तो घोळ १९५५ पर्यंत पुरता मिटला नाही. तेव्हा काटे ३९ मिनिटं पुढे सरकवले म्हणून कुणाचं वय वाढलं नाही. तो निव्वळ काट्यांचा खेळ होता. मग उपग्रहातला फरक तसाच नाही कशावरून?

कशावरून, तर म्युऑनवरून. हे इवलेसे कण अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे आपल्या डोक्यावर सुमारे १५ किलोमीटरवर तयार होतात आणि सरासरी २.२ मायक्रोसेकंदांत नष्ट होतात. प्रकाशाच्या वेगाने धावले तरी तेवढ्या आयुष्यात ते साडेसहाशे मीटरच्या पलीकडे फारसे जाऊ नयेत. तरी ते जमिनीवर पोहोचतात, आत्ता हे वाचताना तुमच्या हातातूनही जात आहेत. म्युऑनला काटे नाहीत, स्प्रिंग नाही, बिघडण्यासारखं काहीच नाही. १९७७ मध्येच युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत प्रकाशाच्या ९९.९४ टक्के वेगाने ते गोल फिरवले, तेव्हा ते नेहमीपेक्षा सुमारे २९ पट जगले. बर्फात ठेवलेल्या माशासारखं हे नाही. बर्फ सडणं थांबवतो, पण त्याच पेटीत ठेवलेल्या किरणोत्सारी खड्याचं वय थांबवत नाही. वेगाने मात्र माशाचं, खड्याचं, घड्याळाचं, म्युऑनचं, सगळ्यांचं एकाच प्रमाणात मंदावतं. सगळंच एकसारखं मंदावत असेल तर त्याला काळ मंदावला असं न म्हणता दुसरं काय म्हणायचं?

आणि यासाठी अंतराळातही जायला नको. २०१० मध्ये अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत एक घड्याळ दुसऱ्यापेक्षा जेमतेम फूटभर उंच ठेवलं, तरी वरचं जलद चाललेलं दिसलं. तेच गणित आपल्या घाटाला लावून बघा. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. दोन जुळे भाऊ आहेत, एक वेंगुर्ल्याला किनाऱ्यावर राहिला आणि दुसरा आंबोलीत. सत्तर वर्षांनी आंबोलीचा भाऊ सुमारे १६५ मायक्रोसेकंदांनी मोठा झालेला असेल. जुळ्यांच्या वयात घाटाने फरक पाडला.

“हात्तिच्या, एवढंच?” असं म्हणणारे म्हणतील, आणि इथे मला मोकळेपणाने माघार घ्यायला हवी. माणसाच्या आयुष्याच्या मानाने हा फरक नगण्य आहे आणि तो वाढवणं भयंकर महाग आहे. आपलं एक वर्ष जाईतो जगाची दहा वर्षं सरावीत असं वाटत असेल, तर प्रकाशाच्या साडेनव्व्याण्णव टक्के वेग गाठावा लागेल. साठ किलोच्या एका माणसाला, नुसत्या माणसाला, यान सोडून, त्या वेगापर्यंत न्यायला जी ऊर्जा लागेल ती सगळ्या भारताच्या वर्षभराच्या विजेच्या कितीतरी पट आहे. म्हणून ‘लवकरच माणूस भविष्यात जाईल’ असं सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. पण ‘नगण्य आहे’ आणि ‘नाही’ ही दोन विधानं एक नव्हेत. मुंगीचं वजन नगण्य आहे म्हणून मुंगीला वजन नाही असं आपण म्हणत नाही.

आता मागे जाण्याकडे वळतो. इथे माझी अडचण अशी की माझ्याच बाजूचे पुष्कळ मुद्दे कच्चे आहेत. आजोबांना मारण्याचा मुद्दा घ्या. त्याने भूतकाळात जाणं अशक्य ठरत नाही, भूतकाळ बदलणं तेवढं अशक्य ठरतं. मागे गेलेल्या नातवाच्या हातून बंदूक चुकली, पाय घसरला, काहीतरी आडवं आलंच आणि आजोबा वाचलेच, अशी सुसंगत हकिकत रचता येते. लुईसने तेच दाखवलं, रशियन शास्त्रज्ञ नोविकोव यांनी तोच विचार भौतिकशास्त्राच्या भाषेत मांडला. दुसरा मुद्दा, भविष्यातून कुणी आलं नाही. स्टीफन हॉकिंग यांनी २००९ मध्ये कालप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली आणि निमंत्रणं मेजवानी होऊन गेल्यावर जाहीर केली. कुणी आलं नाही. गोष्ट सांगायला छान, पण पुरावा म्हणून लंगडी. कारण भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अवकाशातल्या बोगद्यांचा उपयोग करून ज्या कालयंत्राची कल्पना मांडली, त्यात यंत्र तयार होण्याच्या आधीच्या काळात जाताच येत नाही. पूल बांधायच्या आधी पुलावरून कोण येणार?

आणि विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा तर स्पर्धेत कुणी मांडलाच नाही. आइनस्टाइनचीच समीकरणं मागे जाण्याला सरळ नकार देत नाहीत. कुर्ट गोडेल या गणितज्ञाने १९४९ मध्ये त्या समीकरणांतून गरगर फिरणारं एक विश्व काढून दाखवलं. त्यात प्रवासी पुढे पुढे जात राहून स्वतःच्या भूतकाळात पोहोचतो. गणितात चूक नाही. मग मी नकाराकडे का झुकतो?

कारण समीकरणाने परवानगी देणं आणि निसर्गाने ती वापरणं यांत अंतर आहे. वीस मीटर उंच माडावरून नारळ सुटला तर जमिनीवर कधी पडेल? गणित सोडवा, दोन उत्तरं येतात: सुमारे २ सेकंदांनी, आणि उणे २ सेकंदांनी. शाळेतला मुलगाही दुसऱ्या उत्तरावर काट मारतो. पण यालाही चोख उत्तर आहे आणि ते मी लपवणार नाही. १९२८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ डिरॅक यांच्या समीकरणातून अशीच उणे ऊर्जेची उत्तरं निघाली. ती फेकून न देता डिरॅक त्यांचा अर्थ शोधत राहिले आणि पुढे इलेक्ट्रॉनच्या उलट विद्युतभाराचा कण असला पाहिजे इथवर पोहोचले. १९३२ मध्ये अँडरसनना त्या कणाची वाट प्रयोगात दिसली. म्हणजे उणे उत्तर कधी काट मारण्यालायक असतं, कधी शोधाचं दार असतं. कोणतं कुठलं हे ठरवतं कोण? डिरॅकच्या बाबतीत ते समीकरणाच्या सौंदर्याने ठरलं नाही, अँडरसनच्या छायाचित्रातल्या वाकड्या रेषेने ठरलं. मागे जाण्याच्या बाबतीत तशी रेषा कुठे आहे? गोडेलचं विश्व ज्या रीतीने फिरतं तसं आपलं विश्व फिरताना दिसत नाही. थॉर्नचा बोगदा उघडा ठेवायला उणे ऊर्जा लागते, आणि ती हव्या त्या प्रमाणात कुठे मिळाल्याचं दिसलेलं नाही. हॉकिंग यांचं १९९२ मधलं अनुमान असं, की असं यंत्र तयार होऊ लागताच निसर्गाचे नियमच ते मोडतील. तेही अनुमानच आहे, सिद्ध झालेलं नाही. पण सगळी वजनं एकाच पारड्यात पडत आहेत.

‘विमानालाही अशक्यच म्हणत होते’ हे वाक्य आपल्याकडे ब्रह्मास्त्रासारखं वापरतात. थोडा विचार करून बघा. विमानाला अशक्य म्हणणाऱ्यांच्या डोक्यावरून तेव्हाही ब्राह्मणी घार उडत होती. हवेपेक्षा जड वस्तू उडू शकते हे निसर्गाने आधीच करून दाखवलं होतं, कमी होतं ते आपलं कसब. पुढे जाणाऱ्या कालप्रवासाचीही तशी घार आहे, म्युऑन. मागे जाणाऱ्याची घार कुठली? उलट अशक्यतेची दुसरी जातही असते. आपले भास्कराचार्य केवढे थोर गणिती, पण ११५० च्या सुमारास त्यांनी पाऱ्याने अर्धे भरलेले आरे लावलेल्या, आपोआप फिरत राहणाऱ्या चाकाचं वर्णन केलं. त्यानंतर शतकानुशतकं जगभर लोक असं चाक बनवत राहिले. १७७५ मध्ये पॅरिसच्या अकादमीने असे प्रस्ताव तपासणंच बंद केलं, आणि एकोणिसाव्या शतकात ऊर्जा शून्यातून निर्माण होत नाही हा नियम कळला तेव्हा ते चाक का फिरत नाही हेही कळलं. तिथे आड आला तो निसर्गाचा नियम, कितीही कसब असतं तरी उपयोग नव्हता. काल अशक्य होतं ते आज झालं, म्हणून आज अशक्य आहे ते उद्या होईलच, हा हिशेब भास्कराचार्यांच्या चाकाला लावून बघावा.

ताऱ्यांचा मुद्दा चटकन संपतो. सूर्याचा प्रकाश ८ मिनिटं २० सेकंदांपूर्वीचा असतो हे खरं. पण मुंबईच्या चाकरमान्याचं पत्र आठ दिवसांनी गावात पोहोचायचं, तेव्हा वाचणारी आई काही आठ दिवसांपूर्वीच्या गिरगावात जाऊन उभी राहत नव्हती. उशिरा मिळालेली बातमी म्हणजे मागे केलेला प्रवास नव्हे.

पुराणाबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण तिथे लोक दुखावतात आणि त्यांना दुखावण्यात मला काही मिळवायचं नाही. भागवताच्या नवव्या स्कंधात ककुद्मी राजाची गोष्ट आहे. मुलगी रेवतीसाठी वर कोणता, हे विचारायला तो तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला. तिथे गायन चालू होतं, क्षणभर थांबला. ब्रह्मदेव हसून म्हणाले, मनात धरलेले सगळे वर कधीच गेले, खाली सत्तावीस चतुर्युगं उलटली. परत येऊन रेवतीचं लग्न बलरामाशी झालं. काळ सगळीकडे एकाच मापाने सरत नाही ही कल्पना इतक्या जुन्या काळी कुणाला तरी सुचली, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं. आणि एक गोष्ट माझ्या नजरेत भरते: ककुद्मी पुढे गेला, पण हातचे गेलेले वर परत मिळवायला मागे गेला नाही. ब्रह्मदेवानेही तसा मार्ग दाखवला नाही. एवढं मानूनही म्हणतो, की कल्पना सुचणं आणि किती वेगाला किती फरक पडतो हे सांगता येणं यांत फार अंतर आहे. त्या गोष्टीतून ३८ मायक्रोसेकंद निघत नाहीत.

अभिमान पुराव्यापुढे धावला की काय होतं, ते आपल्याच तालुक्यात बघा. विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि सांगतात की १८६८ च्या ग्रहणात लॉकियर साहेबाने इथूनच हेलियम शोधला. प्रत्यक्षात १८ ऑगस्ट १८६८ ला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते आणि लॉकियर इंग्लंडमध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरात लॉकियरनी तिथूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या प्रकाशात हेलियमची ती पिवळी रेषा पाहिली. विजयदुर्गाला ते आले खरे, पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला, आणि तोवर हेलियम पृथ्वीवरही सापडून तीन वर्षं झाली होती. जगातला एक मोठा सूर्यशास्त्रज्ञ आपल्या किल्ल्यावर ग्रहण बघायला आला, हे कमी आहे का? मग ते तीस वर्षं मागे ओढायची गरज का पडावी? ज्याच्या तारखा लिहून ठेवलेल्या आहेत तो काळ जर आपण हौसेने असा सरकवतो, तर ज्याचा काहीच पुरावा नाही त्या प्रवासाबद्दल ‘श्रद्धेचा प्रश्न’ म्हणून गप्प बसणं मला परवडणारं नाही. समोर बसलेल्या मुलांनी तेच ऐकलं आणि तेच घेऊन ती घरी गेली.

त्या मंडळाला मी कळवलं आहे की पुढच्या वर्षी हाच विषय ठेवा, पण दोन दिवस ठेवा. पहिल्या दिवशी पुढे जाणं, दुसऱ्या दिवशी मागे जाणं.

परवा बंदरावर त्या तांडेलाला हे सगळं सांगत होतो. त्याने विचारलं, चाळीस वर्षं समुद्रात फिरतोय, माझं किती वाचलं? मी तिथेच हिशेब केला. दहा नॉटचा वेग धरला, वर्षाचे दोनशे दिवस, दिवसाला दहा तास. सुमारे चाळीस नॅनोसेकंद. तो बराच वेळ पिशवीतल्या त्या यंत्राकडे बघत राहिला. वडिलांना जाऊन सहा वर्षं झाली, त्यांनी डोंगर-कळस जुळवून काढलेल्या जागाच त्याने या यंत्रात पहिल्यांदा भरल्या होत्या.

“फुडे जातंव ता कळला,” तो म्हणाला. “पाठी?”

मी नाही म्हणालो. त्याने मान हलवली. भरती लागली होती, खलाशी दोर सोडून वाट बघत उभे होते.